झाकण न लावलेला काढा

पहिल्या भेटीत तिने त्याला हमाल समजून खोकं उचलायला लावलं होतं. कारखान्याच्या फाटकात, काढ्याचे डाग पडलेला एप्रन घालून तो उभा होता आणि तिच्या हातात बाटल्यांचं जड खोकं होतं. त्याने ते मुकाट्याने तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि वर विचारलं, "अजून काही, मॅडम?" तो मालकांचा मुलगा, काढा विभागाचा प्रमुख, हे कळल्यावर ती अशी ओशाळली की आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

पण न बोलून किती दिवस भागणार? चार महिने ती संशोधन संस्थेतून नमुने तपासायला यायची. खोकल्याच्या काढ्यावरची तिची सहा वर्षांची मेहनत इथून औषध होऊन बाहेर पडणार होती. तपासणाऱ्याने कारखान्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा तिचा नियम. तो रोज विचारायचा, ती रोज नाही म्हणायची, आणि त्या नाही म्हणण्यातच दोघांना गोडी वाटू लागली होती.

आज अकराला संस्थेचा कारखान्याशी करार होता. साडेदहाला तिच्या हातात मोठ्या कढईतल्या काढ्याचे निकाल आले. औषधी द्रव्य पहिल्या नमुन्यांच्या निम्म्यावर होतं.

तिने त्याला बोलावून विचारलं, "पहिले नमुने कुठले होते?"

तो दाराकडे बघत राहिला. "मी केलेले... छोट्या पातेल्यात. झाकण न लावता, मंद आचेवर, चार तास. कढईत झाकण लावून तासाभरात उरकतात."

"आणि ते कारखान्याचे म्हणून दिलेत? त्यांच्या अहवालावर माझी सही आहे."

"नमुना नापास झाला असता तर तुम्ही परत आला नसतात." त्याचा आवाज खोल गेला. "वाटलं, बाबांना समजावून कढईची पद्धत बदलून घेईन, मग सांगेन. पण बाबांसमोर आवाजच कापतो माझा, धीरच झाला नाही..."

"म्हणजे माझ्यापायी माझ्याच कामाला चूड लावलीत." तिला संताप आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे रडू येत होतं. "अकरा वाजता तुम्ही सांगणार, की मी?"

त्याने एप्रनची गाठ सोडली आणि तिच्या मागोमाग बैठकीकडे निघाला.

बैठकीत त्याच्या वडिलांनी पेनाचं टोपण काढलं. तो खाली मान घालून बसलेला. हा काही बोलत नाही, असं वाटून ती उठणार, तेवढ्यात तोच उभा राहिला.

"बाबा, सही करू नका."

आणि त्याने कापऱ्या आवाजात सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. वडिलांचा चेहरा उतरला. "घरच्यानेच केसाने गळा कापला," एवढंच ते म्हणाले. करार बारगळला.

करारासाठी आलेल्या, संस्थेतल्या तिच्या सरांनी सुस्कारा टाकला. "कढईची पद्धत बदला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तपासणी हीच करेल."

"नाही, सर. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"अगं, तुझं सहा वर्षांचं काम आहे."

"माझा निकाल निःपक्षपाती राहणार नाही."

"नोंदीत कारण लिहावं लागतं."

"मग लिहा, सर — मला हा माणूस आवडतो. रागही आलाय. पण आवडतो."

तो अजून उभाच होता, कान लालेलाल.

"मीही सही करतो त्याखाली," तो म्हणाला, आणि वडिलांदेखत त्याचा आवाज पहिल्यांदाच कापला नाही.