कोंबड्याचं शेपूट

"आंटी, कोंबड्याचं शेपूट कापलं हो!"

कोनादू दारातून आत आली ती थेट फरशीवरच बसली. आंटी अफ्रियेने हातातली भजनांची वही मिटली. खासगी तपास करणारी बाई घानातल्या अख्ख्या कुमासी शहरात हीच. रविवारी पाद्री गात गात प्रवचन सांगू लागला की पहिली टाळीही हिचीच.

आंटीचा ड्रायव्हर डुओडू म्हणाला, "मग दुसरा कोंबडा घ्या! त्यात रडायचं काय?"

"अहो दादा, केसांचा कोंबडा!"

चार वाजता केशरचनेच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. अशाच स्पर्धेवर एक विनोदी सिनेमा निघत होता, आणि जिंकणारीला त्यातलं सगळं केसांचं काम मिळणार होतं. वर्षभर राजधानीत, आक्रात. कोनादूने अकरा तास खपून सेरवाच्या डोक्यावर कोंबडा उभा केला होता, तोही तिच्याच केसांचा, कारण खोटे केस नियमात बसत नव्हते. जेवण झालं, सेरवा खुर्चीत डुलक्या घेऊ लागली आणि कोनादू नाव नोंदवायला गेली. परत येऊन बघते तर पाच वेण्यांचं शेपूट गायब.

"केसही नेले, आंटी! परक्याच्या हाती केस गेले की माणूस झुरून मरतं. आईने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

आई म्हणजे आचिया, सेरवाची जन्मदाती. अनाथ कोनादूच्या हाती बारा वर्षांपूर्वी कंगवा दिला तोही तिनेच.

आचियाच्या केशरचनेच्या दुकानात शिरताच डुओडूने नाक फुलवलं. "आज बोकडाचं मुंडकं भाजलंय वाटतं! पोटात कावळे ओरडायला लागले."

"बोकड कुठला, बाबा? माशाचं सूप होतं," आचिया म्हणाली. "मी मागे टॉवेल वाळत घालत होते. माझ्या लेकराचं डोकं कोणी भादरलं, देव बघून घेईल त्याला."

जमीन लख्ख होती. आंटीने वाकून पाहिलं, एक केस सापडला नाही. कोनादूने सेरवाच्या मानेवर चिकटलेला सुटा केस उचलला, आचियाने तळहात पुढे केला आणि तो केस घेऊन शेगडीत टाकला. डुओडूला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"तुला जाग कशी नाही आली गं?" आंटीने विचारलं.

"तेच कळत नाही," सेरवा म्हणाली. "पोकुआने एकदा गंमत म्हणून वेणीला हात लावला, तर मी ओरडून बाजार गोळा केला होता. आज मात्र झोपेत कोणीतरी डोक्यावरून हात फिरवतंय असं वाटलं. इतकं बरं वाटलं ना!"

समोरच्या दुकानातली पोकुआ याच स्पर्धेत होती. तिच्या उंबऱ्यावर कापलेल्या केसांचे पुंजके वाऱ्यावर लोळत होते. "मी कशाला कापू? तो कोंबडा मला घुबडासारखाच दिसत होता!"

कोनादूचा वाग्दत्त वर बेडियाको पुंजके लाथेने उडवत आला. "ती आक्राला गेली तर लग्नाचं काय, हे मी विचारलं होतं. पण म्हणून कात्री घेऊ? आणि केसांचा एवढा बाऊ कशाला? केस म्हणजे कचरा!"

"दोघांपैकीच कोणीतरी," डुओडू कुजबुजला.

"तुझ्या नाकाने केव्हाच सांगितलं, डुओडू. तुलाच ऐकू आलं नाही."

आंटीने सगळ्यांना आचियाच्या दुकानात आणून शेगडीभोवती उभं केलं.

"घरात शिजले मासे, आणि वास आला बोकडाचा. मुंडकं भाजताना वास येतो तो जळलेल्या केसांचा. म्हणजे शेपूट कोणी नेलं नाही, ते इथेच जळलं. एका सुट्या केसाचा एवढा वास सुटत नाही. शिवाय तो केस आमच्यासमोर पडला, वास आधीपासून होता."

"पुरावा जाळला असेल," डुओडू म्हणाला.

"कसला पुरावा? केस कापलेलं डोकं तर सगळ्यांसमोर आहे. पोकुआने कापले असते तर केस उंबऱ्यासारखे इथेही लोळले असते. बेडियाकोने ते लाथाडले असते. इथे मात्र कोणीतरी गुडघ्यावर बसून एकूण एक केस वेचून जाळला, सेरवाला कसली बाधा होऊ नये म्हणून. डोक्यावरून हात फिरला तरी पोर जागी झाली नाही, कारण तो हात तिच्या जन्मापासून ओळखीचा. देवाच्या दारी माया आणि पाप एकाच हाताने होताना मी पाहिलंय, आचिया."

आचिया स्टुलावर बसली. "सेरवाचे केस वाढतील गं. पण आक्राला गेलेलं कोण परत आलंय? ही कोनादू गेल्यावर माझ्याजवळ कोण राहणार?"

कोनादू तिच्याकडे वळली. "तू मला नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाली असतीस ना, आई, तर मी राहिले असते."

मग तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजायला आले होते.

"शेपूट नसलेला कोंबडा अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो," डुओडू सहज बोलून गेला.

कोनादूने कंगवा उचलला. तुरा उतरवला, पंख पसरवले. सवयीने आचिया दोरा धरायला पुढे आली.

"हात लावू नका, मादाम."

बारा वर्षांत आईऐवजी हा शब्द त्या दुकानात कोनादूच्या तोंडून निघाला नव्हता.

सेरवाच्या डोक्यावर कोंबडी बसली तेव्हा डुओडूला हसू आवरेना. तिच्या मांडीवर केसांचा गुंता पडला होता. आचियाचा तळहात आपोआप पुढे आला. कोनादूने गुंता गोळा केला, सेरवाच्या मुठीत ठेवला आणि ती मूठ मिटवली.

"दादा, माझं गाठोडं गाडीत टाका," ती म्हणाली. "निकाल काहीही लागो, मी इथे परत येणार नाही."

गाडी निघाली. डुओडूने आरशात पाहिलं, आचिया अजून तळहात उघडाच धरून उभी होती.