टेलरमामांची दोरी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी भांडायला येणार नाही. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो वायरमन माझा मावसभाऊ आहे आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. त्याला साधा विनोदसुद्धा धड सांगता येत नाही.

अशा गोष्टी रात्रीच घडतात, असं लोकांना वाटतं.

ही भरदुपारी घडली.

हिवाळा होता. सकाळचं धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं. जागा म्हणजे वस्तीबाहेरचा तलाव. पूर्वी ती दगडाची खाण होती. काम बंद पडलं आणि खड्ड्यात पाणी भरलं. पाणी खोल, काळपट. आत कार्प मासे, एकेक चांगला जुना, जाडजूड.

त्या तलावावर तीन म्हातारे बसायचे. एक ड्रायव्हर, एक कंपाउंडर आणि तिसरे टेलरमामा. म्हणजे वायरमनचे सासरे. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, जावईसुद्धा. लेक तेवढी अप्पा म्हणायची.

त्यांची मासेमारी म्हणजे एक काठी, एक गळ, कणकेची गोळी आणि गप्प बसणं. काठी मांडीवर. दोरी उजव्या हाताच्या तर्जनीवर, अगदी अलगद.

"मासा आधी विचारतो, मग खातो," मामा म्हणायचे. "तो विचारतो ते बोटाला कळलं पाहिजे."

मग नवे लोक आले. स्टँडवर तीन-तीन रॉड, प्रत्येक रॉडखाली बझर, दोरी सरकली की वाजणारा. आमिष सोडायला रिमोटची होडी. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गोळ्या. तंबू, खाट, शेगडी. मासा लागला की बझर बोंबलणार, मग हे डोळे चोळत उठणार. माशाला ओल्या गादीवर निजवायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं.

"माशाला गादी!" मामा हसायचे. "आणि आमच्या बुडाला जन्मभर दगड."

पण त्यांनी कुणाचा राग केला नाही. जावई स्वतः ते बझर दुरुस्त करायचा, त्याच्या दुकानात तेच काम जास्त असायचं. मामा एकदा त्याला म्हणाले, "तुझा बझर चांगला आहे जावईबापू. पण मासा निघाला की मग तो सांगतो. बोट त्याच्या आधी सांगतं."

त्यांनी त्याला शिकवायचा खूप प्रयत्न केला. वायरमन शेजारी बसायचा, बोटावर दोरी घ्यायचा. थोड्या वेळात बोटाला मुंग्या यायच्या आणि हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जायचा.

मामा दोरी त्याच्या हातातून काढून परत स्वतःच्या बोटावर घ्यायचे.

ड्रायव्हर गेला. पाठोपाठ कंपाउंडर गेला.

आणि पावसाळा संपता संपता मामांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जे गेलं ते परत येणार नाही. आशा ठेवू नका."

मामा लेकीच्या घरी आतल्या खोलीत पडून असायचे. खिडकीतून तलावाकडचा रस्ता दिसायचा, तलाव नाही. त्यांना सगळं कळत होतं. लेकीने भरवायला घेतलं की डोळे भरून यायचे. जावई कामावरून आला की नजर दारापासून खुर्चीपर्यंत त्याच्या मागे यायची.

फक्त तो उजवा हात... चादरीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून.

त्या दिवशी बायकोच वायरमनला म्हणाली, "अहो, अप्पांची काठी त्या कोपऱ्यात मला बघवत नाही. सुट्टीच आहे तर घेऊन जा. एकदा पाण्याला तरी लागू दे."

म्हणून तो गेला. एकटाच.

मामांच्या जागेवर, त्या सपाट दगडाजवळ त्याने स्टँड लावला. स्वतःचे दोन रॉड लावले आणि तिसऱ्या जागी मामांची बांबूची काठी. जुनं लाकडी रीळ, तीच दोरी, कणकेची गोळी.

बोटावर दोरी धरून बसायचा त्याला कंटाळा आला. त्याने काठीखालीही बझर लावला.

मामांना हे आवडलं नसतं. त्याला ते माहीत होतं.

थोड्या अंतरावर एक कॅमेरावाला तंबू ठोकून बसला होता. मासे पकडतानाचे व्हिडिओ टाकणारा. बाकी तलावावर कुणी नाही. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणकोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

मग तो आवाज थांबला...

एकदम. कुणी हाताने बंद केल्यासारखा.

वायरमनने मान वर केली. पाणी स्थिर. बझर गप्प.

"काका," कॅमेरावाल्याने हाक मारली, "तुमचा बझर बिघडलाय का? त्या बांबूची दोरी तर ताणलीय."

खरंच ताणली होती. पाण्यातून वर आलेली, थेंब गळणारी, सरळ रेघ. एवढी ताणल्यावर बझर ओरडायलाच हवा होता. त्याने वाकून बघितलं.

दोरी बझरवरून सरकतच नव्हती. कारण मागे ती धरलेली होती.

रीळ आणि काठीवरच्या पहिल्या कडीच्या मध्ये दोरी सरळ जायला हवी. ती तशी नव्हती. मध्येच एका जागी बाजूला खेचलेली... कोन करून. जशी कुणाच्या बोटावर असावी.

तिथे बोट नव्हतं.

तिथे काहीच नव्हतं.

वायरमन बघत राहिला. दोरी हळूच सैल झाली आणि सरळ झाली. आणि त्याच वेळी मोबाइल वाजला.

बायको होती. रडत होती की हसत होती ते कळेना.

"अहो... अप्पांचं बोट हललं! उजव्या हाताचं! मी समोर बसलेय, माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाकवलं आणि सरळ केलं!"

त्याने विचारलं, "कधी?"

"आत्ता! तुम्हाला फोन लावायच्या आधी. डॉक्टर म्हणाले होते ना होणार नाही? झालं की नाही?"

तो आनंदाने ओरडणारच होता. पण त्याची नजर काठीवर होती.

दोरी पुन्हा बाजूला गेली. कोन झाला.

"परत वाकवलं!" बायको म्हणाली.

वायरमन काठीवरून नजर न हटवता म्हणाला, "अगं... बघत राहा. सरळ झालं की सांग."

पाण्यावर एक वलय उमटलं. दोरी थरथरली, आणि सैल झाली.

"झालं सरळ."

त्याने मोबाइल स्पीकरवर टाकला आणि बाजूला गवतावर ठेवला. त्याला भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त त्याला हुरूप आला होता. मामा आले होते. कसे ते देवाला माहीत. पण घरात जो माणूस संपला म्हणून सगळ्यांनी आशा सोडली होती, तो इथे त्याच्या जागेवर बसून मासा खेळवत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "तो विचारतोय का?"

दोरी बाजूला गेली... या वेळी जास्त. कोन तीव्र झाला.

आणि मग काठी वाकली.

स्टँड उलटला. काठी पाण्याकडे घसरली, ती त्याने झडप घालून धरली. लाकडी रीळ करकरत फिरू लागलं. एवढी ओढ त्याने कधी अनुभवली नव्हती. टाचा चिखलात रुतल्या.

"धरा काका, सोडू नका!" कॅमेरावाला धावत आला. "मोठा आहे! खूप मोठा आहे!"

मोबाइलमधून किंकाळी आली.

"अहो! अप्पा सरकतायत!"

"काय?"

"पलंगावरून सरकतायत! हात वर गेलाय... खिडकीकडे. कुणी ओढल्यासारखा! मी कमरेला धरलंय, मला आवरत नाहीयेत!"

वायरमनने दोरी थोडी सैल सोडली, तर पाण्यातली ओढ आणखी वाढली. गुंडाळायला गेला, तर मोबाइलमधून पलंगाचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"तुम्ही काय धरलंय तिकडे?" बायको ओरडली. "जे धरलंय ते सोडा! सोडा आधी!"

"सोडू नका काका!" कॅमेरावाला हातजाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला होता.

आणि त्या गोंधळात वायरमनने एक गोष्ट केली. का केली, त्याला आजही सांगता येत नाही. त्याने दोरी आपल्या उजव्या तर्जनीवर घेतली. मामा घ्यायचे तशी.

ओढ तर होतीच. पण ओढीच्या आत आणखी काहीतरी होतं...

चिमटी.

पलीकडून कुणीतरी दोरी दोन बोटांत धरली होती आणि अलगद चोळत होतं. टेलर लोक कापड हातात आलं की पोत बघायला चोळतात ना, तसं. मामांची ती सवयच होती. लेकीच्या पदरापासून पाहुण्यांच्या सदऱ्यापर्यंत काहीही त्यांच्या हाताला लागलं की बोटं तशीच चालायची.

मासा दोरी ओढतो. मासा दोरी चोळत नाही.

मामा त्याच्या शेजारी नव्हतेच. ते दोरीच्या दुसऱ्या टोकाला होते. खाली. त्या काळ्या पाण्यात.

आणि त्यांनी दोरी घट्ट धरली होती...

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोटाला कळलं, पलीकडचा काय विचारतोय ते.

"अहो, अप्पांना श्वास घेता येत नाहीये!" बायकोचा आवाज फाटला. "निळे पडले हो!"

वायरमनने कमरेची पक्कड काढली आणि दोरी तोडली.

काठी सरळ झाली. तो मागे दगडावर आपटला. कॅमेरावाला पाण्यात तसाच उभा. धुक्यात वलयं मोठी मोठी होत गेली, आणि विरली.

मोबाइलमधून गादीवर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

मग बायकोचा थकलेला आवाज. "पडले गादीवर. श्वास चालू आहे. शांत आहेत आता."

तेवढ्यापुरता त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यापुरताच.

घरी पोचला तर बायको पलंगाशी बसून मामांचा हात पुसत होती. पलंग भिंतीपासून पार खिडकीला येऊन टेकला होता. मामांच्या उजव्या तर्जनीवर बारीक, खोल, ताजी चीर होती. दोरीने पडते तशी. हात मनगटापर्यंत ओला होता. आणि नखांत हिरवं शेवाळ.

झटका आल्यापासून तो हात पलंगाबाहेर गेला नव्हता.

तिने ते शेवाळ काडीने काढलं, हात कोरडा केला आणि चादरीखाली ठेवला.

"मामा," वायरमनने हाक मारली.

मामांचे डोळे उघडे होते. पण ते त्याच्याकडे वळले नाहीत. लेकीकडेही नाहीत. त्या दिवसापासून ते कुणाकडेच वळलेले नाहीत. भरवलं तर गिळतात. कूस बदलली तर तसेच राहतात. डोळ्यांत पाणी येणंसुद्धा थांबलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुसरा झटका असावा.

दुसरा झटका... असेलही.

मामा अजून आहेत. म्हणजे श्वास चालू आहे.

कॅमेरावाला परत तलावावर दिसला नाही. बाकीचे येतात. त्या सपाट दगडापाशी मात्र आता कुणी फार वेळ टिकत नाही. तिथे बझर चालत नाहीत म्हणे. तक्रार घेऊन वायरमनच्या दुकानात येतात. तो उघडून बघतो. बझरमध्ये काही बिघाड नसतो. "दोरी कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं हो," एकजण म्हणाला आणि स्वतःच हसला. वायरमन हसला नाही. त्याने पैसे घेतले नाहीत आणि त्या माणसाला दुसरीकडे बसायला सांगितलं.

दोरीतून त्याला काय कळलं, ते त्याने बायकोला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. म्हणाला, "मी त्यांना सोडवलं, का तिकडेच सोडून आलो, तेवढं मला कुणीतरी सांगा."

मी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. चहा झाला. त्याची बायको कप उचलता उचलता थांबली आणि अगदी साध्या आवाजात तिने नवऱ्याला विचारलं,

"त्या दिवशी तुम्ही दोरी सोडलीत, की तोडलीत?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं नाही.

"सोडली," तो म्हणाला.

"मग बरं," ती म्हणाली. "सोडलेली धरून माणूस परत येऊ शकतो."

ती कप घेऊन आत गेली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ती वडिलांशी काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं. थोडं बोलायची आणि थांबायची... उत्तराची वाट बघितल्यासारखी.

मी चपला घातल्या आणि निघालो. त्या खोलीकडे बघायचं धाडस मला झालं नाही.