आईचा कवड्या

आमच्या घरात काठी ठेवत नाहीत. काठी हाताशी असली की माणूस आधी साप शोधतो, असं माझं मत आहे आणि ते मी गावोगावच्या व्याख्यानांत सांगत आलो आहे. दापोलीहून केळशीला जाताना एक कच्चा रस्ता सड्याच्या कातळपठाराखाली उतरतो. तिथे आमची बौद्धवाडी आणि वाडीच्या टोकाला आमचं चिऱ्याचं घर. मागे वीसेक हापूसची कलमं, त्यांच्याखाली वाळक्या पानांचा गुडघाभर पातेरा. पातेऱ्यात धामण, विहिरीत दिवड, कुंपणावर हरणटोळ. माणसाला घातक एकही नाही. हायस्कुलात मी तेवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो, आणि कुणी साप मारलेला कळला तर भर बाजारात त्याची बिनपाण्याने करायला मी कमी करत नाही.

घरात मी आणि आई, दोघंच. आईचं नाव कमलाबाई. वडील काशीराम मुंबईत गोदीत होते, तिथेच गेले. आईला अक्षरओळख नाही, त्यामुळे मी शिकलो याचं तिला केवढं अप्रूप. पाचवीत असताना मी तिला पृथ्वी फिरते म्हणून सांगितलं, तर त्या दिवसापासून तिने पाण्याची कळशी काठावर ठेवणं सोडलं. मी बोललो की ते झालंच, असा तिचा हिशेब. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

सापांना मात्र ती फार भ्यायची. तिचा धाकटा भाऊ साप चावून गेला होता. पावसाळ्यात दोरी ओलांडायलाही तिला धीर लागायचा. सापांवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाची आई अशी, म्हणून लोक हसायचे. मग एका रविवारी मी धामण धरून आणली आणि आईच्या दोन्ही हातांत दिली. ती रडली. मागीलदारी जाऊन ओकली. मी तिला परत बोलावलं आणि परत धामण हातात दिली. चौथ्या खेपेला तिचे हात थरथरायचे थांबले. वय तेव्हा सहासष्ट. मी हा प्रसंग पुढे व्याख्यानांत सांगू लागलो, टाळ्या पडायच्या.

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी शेजारचा विठू काठी घेऊन आमच्या न्हाणीकडे धावला. न्हाणीच्या चिऱ्यांमध्ये एक भोक आहे, त्यातून वीतभर शेपूट बाहेर लोंबत होतं. काळं, वर पांढरे आडवे पट्टे.

"मण्यार हाय, मास्तर!" विठू म्हणाला. "सरका!"

माझा चष्मा घरात होता, पट्टे ठळक की पुसट ते नीट दिसत नव्हतं. सापाचं डोकं, मान, बहुतेक अंग भोकात. मण्यार आणि कवड्या यांतला फरक मुख्यतः पुढच्या भागात कळतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं नेमकं उलट. डोकं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण विठूच्या हातात काठी होती, वाडीतली चारपाच माणसं जमली होती, आणि ‘मला माहीत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही.

"कवड्या आहे," मी म्हणालो. "विष नसतं त्याला. काठी टाक आधी."

विठूने काठी टाकली. आई माझ्या मागे उभी होती. ती पुढे आली, वाकून त्या शेपटाकडे बघत म्हणाली, "अगो बाय, कवड्या होय! मी उगाच घाबरलू."

तो साप राहिला. आई रोज पहाटे न्हाणीत चुलवण पेटवायची तेव्हा त्याच्याशी बोलायची. सरक रे, पाणी उडेल, असं. महिन्याभराने तिने मला करंगळी दाखवली. दोन बारीक ठिपके.

"कवड्यान चावलान मना," ती हसत म्हणाली. "लाकडां काढताना हात पडला त्याच्यावर. माझीच चूक."

मी डेटॉल लावलं आणि शाळेत गेलो.

मार्चमध्ये एका सकाळी आई अंड्यावरच्या कोंबडीची टोपली उचलत होती. टोपलीखाली साप होता. तो तिच्या मनगटाला चावला, आणि तिने हात काढून घेतल्यावर कोंबडीला चावला. मी पडवीत चहा पीत होतो. आईने हाक मारली ती कोंबडीसाठी. साप अंगणात पूर्ण पसरला होता, ऊन कोवळं होतं आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा होता.

मान कोरी काळी. पट्टे निम्म्या अंगानंतर ठळक, जोडीजोडीने. पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. आपल्या मुलुखातला सगळ्यांत जहाल साप.

कोंबडी पाऊण तासात मेली. आधी मान पडली, मग डोळे मिटले.

आईला तेव्हाच गाडीत घालून दापोलीला न्यायला हवं होतं. पण न्यायचं तर का नेतोय ते सांगावं लागणार, आणि ते वाडीभर होणार. विठू काय म्हणेल हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. मी स्वतःला समजावलं की दिवसा मण्यार मरगळलेली असते, पुष्कळदा चावते पण विष सोडत नाही. मग सगळं विष कोंबडीला गेलं असेल. मी शाळेत रजा कळवली, पडवीत पुस्तक उघडून बसलो आणि वहीत दर पंधरा मिनिटांनी आईच्या पापण्यांची नोंद करू लागलो.

तिने आंबोळ्या केल्या. कोंबडी पुरली. विहिरीवरून चार कळशा आणल्या. दुपारी मला म्हणाली, "असा काय बघतंस रे माझ्याकडं? मी काय परीक्षेला बसलंय?"

संध्याकाळपर्यंत काहीही झालं नाही. मी वही फाडून चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी मी साप बरणीत भरून केळशीच्या पुढे डोंगरात सोडून आलो. मारला नाही, मारणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पाचव्या दिवशी आई सकाळी म्हणाली, "कवड्या आला हां परत. मी म्हटलं गेला कुठं." मी जाऊन बघितलं. न्हाणीच्या त्याच भोकात वेटोळं होतं. तोच होता की दुसरा, सांगता येत नाही. मी परत सोडून आलो, परत तेच. मेमध्ये तो आईला तिसऱ्यांदा चावला, पोटरीला. मी पुन्हा दिवसभर बसलो. या खेपेला मला भीती वाटत होती ती वेगळीच. साप आणि त्याचं विष, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त मी आईला नाव चुकीचं सांगितलं होतं, आणि ती त्या नावावर जगत होती.

हा विचार मला शिसारी आणणारा होता. मी आयुष्यभर अंगारे-धुपारे, उतारे, मंत्र यांच्यावर तोंडसुख घेतलंय. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात असं काही घडतं हे मी मान्य करणं शक्य नव्हतं. मी गप्प बसलो. गप्प बसणं एवढं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं.

वाडीत बातमी फुटलीच. कमलाबाईला मण्यार चावते पण चढत नाही, असं विठूने सगळीकडे केलं. नागपंचमीच्या सकाळी वरच्या वाडीतल्या चिमाकाकी आणि पाचसहा बायका लाह्या, दूध, हळद-कुंकू घेऊन आमच्या पडवीत आल्या. या बायकांनी आमच्या घरचं पाणी कधी प्यायलं नव्हतं. रस्त्यात भेटल्या तरी आईशी अंतर राखून बोलायच्या. आईच्या तोंडावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी तिच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, माझी नोकरी लागली तेव्हाही नाही.

"पूजाबिजा नको गो," ती म्हणत होती. "आमच्यात नाय करत. बसा. चाय घ्या."

आणि त्या बसल्या. सगळ्याजणींनी आमच्या कपांतून चहा घेतला. साप न्हाणीच्या उंबऱ्याशी पडून होता.

"कमलाबाय, तुझ्यात देवपण हाय," चिमाकाकी हात जोडून म्हणाल्या. "मण्यार वळकते तुला."

"मण्यार नाय गो ती," आई हसली. "कवड्या हाय. माझ्या अमरनं सांगितलान."

चिमाकाकींनी माझ्याकडे बघितलं. दया आल्यासारखं बघितलं. मास्तरांना एवढंही कळत नाही, असं त्यात होतं, आणि मागे विठू उभा होता, तो गालात हसला.

माझं डोकं फिरलं.

"मण्यारच आहे," मी म्हणालो. "जहाल विषारी. आणि देवपण वगैरे काही नाही, चावताना विष सुटलं नसेल एवढंच. त्या दिवशी मी चुकलो होतो."

पडवीत एकेक कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

आईच्या हातात बशी होती. "खरां?" तिने विचारलं.

"खरं."

तिने मान डोलवली. जन्मात माझ्या शब्दावर तिने कधी शंका घेतली नव्हती. तेव्हाही घेतली नाही.

"तीनदा चावली रे मना," ती हळूच म्हणाली.

बायका उठून गेल्या. लाह्या पडवीत सांडल्या होत्या. आई त्या वेचायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अमर," ती म्हणाली, "डोळं उघडं रवत नाय."

विठूने रिक्षा काढली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या करंगळीवर, मनगटावर, पोटरीवर तीन जागी दोन-दोन ठिपके होते. महिन्यांपूर्वी भरलेले. आता ते ओले दिसत होते.

अर्ध्या वाटेवर तिने माझा हात शोधला. जीभ जड झाली होती.

"परत सांग," ती म्हणाली. "काय हाय तो?"

"कवड्या," मी म्हणालो. "कवड्या आहे, आई. मी मघाशी रागात बोललो. विष नसतं त्याला."

तिने माझ्या हातावर थोपटलं. लहानपणी खोटं बोलून मी तिच्यासमोर उभा राहायचो तेव्हा थोपटायची, तसं.

दवाखान्यात विठूने मण्यार चावल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधी चावला?"

"फेब्रुवारीत," मी म्हणालो. "मग मार्चमध्ये. मेमध्ये."

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. सलाईन लावलं, प्रतिविष दिलं, श्वासासाठी नळी घातली. आईचा हात उचलून सोडला, तो पडला.

"बेशुद्ध आहे का?" मी विचारलं.

"नाही. मण्यारीत शुद्ध जात नाही. हलता येत नाही, एवढंच. ऐकू येतंय त्यांना सगळं."

त्यांनी अंगठ्याने तिची पापणी वर उचलली.

आई जागी होती. ती माझ्या ओठांकडे बघत होती.