सहा बाय आठ

हे लिहून ठेवायचंच नाही, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. लोक म्हणाले असते, लढाईच्या धसक्याने पोराचं डोकं फिरलं.

त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून सैन्याने परत पाठवलं. बरोबरीची पोरं गेली. उरला तो, आणि काचेच्या दुकानात त्याचे वडील. जेवतानाही एकमेकांशी न बोलणारं घर. दुकानातली माणसंही लढाईवर गेली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "उद्यापासून काच तू धर."

तो धरायचा. वडील काच कापायची हिरकणी फिरवायचे. काच बारीक किंचाळायची आणि टक्कन सुटायची. दुकानभर हिरवट उजेड पाण्यासारखा हलायचा. आपण दोघं तळ्याच्या तळाशी काम करतोय, असं त्याला वाटायचं.

आठवड्याभरात त्याच्या ध्यानात आलं. वडील काच कापायचे सकाळी. भोंगा वाजून बॉम्ब पडायचे दुपारी. मग फुटलेल्या खिडकीचं माप घेऊन कुणीतरी धावत यायचं. माप तेच. सुताचाही फरक नाही.

"बाबा, तुम्हाला आधी कसं कळतं?"

"उठलो की आकडा तोंडात असतो. औषधाची चव राहते ना, तसा." मग हळूच म्हणाले, "तुझी आई होती, तेव्हा तिलासुद्धा कधी सांगितलं नाही हे."

त्या दिवसापासून दोघं एका ताटात जेवू लागले. वडील चक्क विनोद करायचे, तेही फालतू. चोविसाव्या वर्षी त्याला बाप मिळाला होता. लढाई संपूच नये, असंही एकदा वाटून गेलं. मग लाज वाटली.

मंगळवारी तो उठला, तर आकडा त्याच्या तोंडात होता.

"सहा बाय आठ."

वडिलांचा हात थांबला. "एवढीशी काच कुठल्या खिडकीला लागते रे?"

दोघांनाही ठाऊक होतं. हार घालून भिंतीवर लावायच्या फोटोच्या फ्रेमला.

वडिलांनी काच कापली. कडा घासल्या. धुतलेला शर्ट घातला. "चल, फोटो काढून येऊ."

फोटोग्राफर म्हणजे त्याचा गावात उरलेला एकच दोस्त. जाड चष्म्यामुळे भरतीतून सुटलेला.

"आधी माझा एकट्याचा," वडील म्हणाले.

"नाही. आधी माझा."

"बाप कोण? तू का मी?"

"काय काका, लग्न जमवताय की काय कुणाचं?" दोस्त खिदळला.

वडील स्टुलावर बसले. त्याने त्यांना दंड धरून ओढलं. वडिलांनी त्याचा हात क्षणभर हातात ठेवला, मग सोडवला.

क्लिक.

"उद्या दुपारी देतो," दोस्त म्हणाला. "न्यायला कोण येणार? तू का काका?"

वडील दाराशी ती काच उजेडात धरून बघत होते. त्यांचा चेहरा तिच्यात आत्ताच नेमका बसला होता.

"दोघंही येऊ," तो म्हणाला. "शपथ. दोघंही येऊ."