अर्ध्या सेकंदाचा उशीर

यंत्रमागांच्या आमच्या लिंबायत वस्तीत, शेअर रिक्षात मी एकदा सतरा माणसं आणि एक बकरी मोजली आहे. कडेची जागा बकरीला होती. त्यामानाने त्या ढगाळ सकाळी हर्षदाला मिळालेली रिक्षा रिकामीच म्हणायची. शेजारी एक तरुण मांडीवरचं खोकं कवटाळून बसलेला. कॉलेजपाशी ती उतरली, तर तोही ओढल्यासारखा मागोमाग उतरला. खोक्यातून लोंबणारी वायर तिच्या ओढणीत गुंतली होती.

“कुठे निघालात?”

“आता... ओढणी नेईल तिकडे.”

ओढणी त्याला संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्यालाही तिथेच रुजू व्हायचं होतं. नाव गजेंद्र, गाव शहादा.

तिथे मनीषा मॅडमच्या हाताखाली हर्षदा एका यंत्रावर संशोधन करत होती. यंत्रमागाच्या थरथरीवरून धागा तुटणार हे त्यानं आधीच ओळखायचं. पण यंत्रालाही शिकवावं लागतं. म्हणून गजेंद्रनं मागाला थरथर मोजणारी चकती लावली, दाबताच इवलासा दिवा लागणारं एक लाल बटण बनवलं. धागा तुटला की त्याच क्षणी हर्षदानं ते दाबायचं.

कारखान्यातला तो माग चालवायचे तिचे वडील, भटूआबा. तीस वर्षांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. उभ्या जगात फक्त लेकीचे ओठ त्यांना वाचता यायचे. पण मागावर तळहात टेकला की धागा तुटणार हे त्यांना आधीच कळे. मी तर म्हणतो, शेजारच्या गल्लीतलाही कळे.

त्या गोंगाटात बोलणार काय? गजेंद्र वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवी, ‘चहा?’ ती मान हलवून नको म्हणे, आणि मग त्याच्याच कपातला अर्धा पिऊन टाकी. “हाऊ पोऱ्या मागकडे देखत नही,” आबा एकदा लेकीच्या कानात कुजबुजले. बहिऱ्या माणसाची कुजबुज ती... अख्ख्या कारखान्यानं ऐकली. दोघंही लाल झाले, आणि दोघांनीही मागाकडेच बघितलं.

दोन महिने असे गेले. मग गजेंद्रला बंगळूरच्या नोकरीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात यंत्र नापास झालं. धागा तुटून गेल्यावर ते इशारा देत होतं. सगळ्या नोंदी फेकून द्या, मॅडम म्हणाल्या. म्हणजे हर्षदाचं वर्ष बुडालं.

बाहेर आभाळ खाडीच्या पाण्यासारखं काळवंडलेलं. गजेंद्रनं पडद्यावर चकतीच्या आणि बटणाच्या वेळा तारखेवार शेजारी शेजारी मांडल्या.

“मंगळवारी मी आलो नव्हतो. बटण अगदी वेळेवर दाबलंय. बुधवारी होतो... अर्धा सेकंद उशीर. शुक्रवारी होतो... परत अर्धा.”

“मग?”

“मग त्या दोन्ही दिवशी तू धाग्याकडे बघत नव्हतीस.”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“हर्षदा, एवढं एकदा हो म्हण. पत्र परत पाठवतो.”

तिच्या डोळ्यांपुढे आबा आले. त्यांना सोडून तिला जाता येणार नव्हतं, आणि इथलं याचं काम तर महिन्याअखेर संपत होतं. हा थांबेल, मोबाईलच्या दुकानात चार्जर दुरुस्त करत बसेल, आणि एक दिवस त्याला बंगळूर आठवेल...

“बटण अडकत होतं,” ती म्हणाली.

“बटण मी बनवलंय.”

“तरी अडकत होतं.”

तो उठून मॅडमकडे गेला. बटण सदोष होतं, म्हणाला. माझी चूक, एवढ्या तारखांच्या नोंदी अर्धा सेकंद मागे घ्या. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. त्यानं मान खाली घालून वहीत लिहिलं, ‘बटण खराब. गजेंद्र.’ हर्षदाचं वर्ष वाचलं. शनिवारी तो गेला.

माझ्या गोष्टींत बारा आणे थापा असतात, सगळं लिंबायत जाणतं. हे उरलेल्या चार आण्यांतलं. ते बटण आणि त्याचा इवलासा दिवा हर्षदानं घरी आणला. “पोऱ्या गया?” आबांनी विचारलं. तिचे ओठ हलले नाहीत, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर तळहात टेकला, मागावर टेकायचे तसा... आणि तिथेच ठेवला.

तिनं बटण दाबलं.

दिवा लगेच लागला.