मधलं मोकळं पाणी

लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून देणाऱ्या चष्मेवालीचा बाप काचबिंदूने आंधळा झाला, तेव्हा दिव्याखाली अंधार म्हणायला नातेवाइकांना आयतंच सापडलं. ती आतून खचली, पण बाबांना आपल्याच घरी ठेवायचं तिने तेव्हाच पक्कं केलं. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा आणि फोनवर दर वेळी वृद्धाश्रमाचा विषय काढायचा. "तू दिवसभर दुकानात. एक जरी भानगड झाली ना बारके, मी येऊन घेऊन जाणार त्यांना." केसांत पांढरं आलं तरी घरात ती बारकीच होती.

म्हणून घरात एकच कायदा होता: वस्तू जागची हलवायची नाही. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलेलं, मापं अंगात मुरलेली. खुर्ची, टेबल, दाराची चौकट, सगळं पावलांनी पाठ करून ते बैठकीच्या खोलीत असे वावरायचे, की नवख्याला शंकाही यायची नाही.

मासे त्यांनीच मागितले. गुहेतले आंधळे मासे, फिकट गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसतं कातडं. "आंधळ्याच्या घरी आंधळे पाहुणे," बाबा म्हणाले. "कुणी कुणाला नावं ठेवायला नको." टाकीवाल्याने बैठकीच्या खोलीत काचेची टाकी बसवून तिच्यात कडेकडेने दगड मांडून दिले आणि ते हलवू नका म्हणून बजावलं. हे मासे पाण्याच्या दाबावरून अडथळा ओळखतात, टाकी एकदा पाठ झाली की निवांत होतात. बाबांना हे फारच पटलं. रोज सकाळी ते पाण्यात बोटं बुडवून बसायचे आणि मासे बोटांवरचा खाऊ टिपायचे.

गडबड आधी बारकीच्या लक्षात आली. टाकीच्या मधोमध नुसतं मोकळं पाणी होतं. मासे सरळ पोहत यायचे आणि तिथे पोचले की बाजूला वळायचे. एकामागून एक, सगळ्यांचा वळसा सारखाच.

पंपाचा झोत असेल, म्हणून तिने पंप बंद केला. वळसा तसाच. तिने पाण्यात फूटपट्टी घातली. पट्टी आरपार गेली, कशाला अडली नाही. भिंगातून पाहिलं, बाजूने विजेरी मारली. पाणी स्वच्छ होतं. तिने टाकीवाल्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "ताई, आंधळे मासे आहेत. तुम्हाला तर दिसतंय ना?"

मग एका रविवारी दुपारी मासे सरळ पोहायला लागले. मधूनच, बिनधास्त. बारकीच्या मनावरचं ओझं उतरलं. तिने बाबांना हाक मारली. ते खुर्चीतून उठले, टाकीकडे निघाले, आणि खोलीच्या मध्यावर थबकले. मग सावकाश वळसा घालून तिच्याजवळ आले.

"काय लागलं, बाबा?"

"लागलं नाही. लागायच्या आधीच वळलो."

"तिथं काही नाहीये."

"बरं," बाबा म्हणाले. लहान मुलाशी वाद नको म्हणून म्हणतात, तसं.

त्या दिवसापासून ते दर वेळी तिथे वळू लागले. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोकं तपासलं, स्मरणशक्ती तपासली, हातपाय हलवून पाहिले. सगळं ठणठणीत. बारकीला काही सुधरेना. बाबांचं डोकं ठीक असेल तर ते काय चुकवतायत? आणि ठीक नसेल, तर माशांचं काय?

तेवढ्यात भावाने व्हिडिओ कॉलवर तो वळसा पाहिला. "हे काय चाललंय? शनिवारी येतोय मी. आश्रमात जागा बोलून ठेवलीय."

ती बाबांच्या पायाशी बसली. "दादासमोर तरी सरळ चाला. मोकळी फरशी आहे ती. मला दिसतंय ना."

"मग तू का वळतेस?"

"मी?"

"तुझी पावलं ऐकतो ना मी. त्या रविवारपासून तूही वळून जातेस."

ती हसली. आणि हसता हसता तिने खाली पाहिलं. रोज सकाळी ती स्वतः पुसायची ती फरशी. सगळीकडे लखलखीत. फक्त मध्ये धुळीचा एक तुकडा शिल्लक होता, माणूस उकिडवा बसेल एवढा. त्याच्या कडेने फडकं नीट वळवून घेतलेलं दिसत होतं.

ती तडक उठली. फडकं भिजवलं, पिळलं, आणि त्या तुकड्याकडे निघाली.

मग ती मोरीपाशी उभी होती. फडकं वाळत टाकून झालं होतं. आपण पुसून आलो, असंच तिला वाटत होतं.

धूळ जागच्या जागी होती.

शनिवारी भाऊ आला. खोलीच्या मध्यभागी, त्या धुळीवरच उभा राहून त्याने घरभर नजर फिरवली, मग भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा, जरा टाकीपर्यंत जाऊन या."

बाबा उठले.

ते सरळ गेले. धुळीवरून. पावलांचे ठसे उमटले.

"व्यवस्थित चालतायत की," भाऊ म्हणाला. जरा वेळ तो बघत राहिला, मग फोन लावून त्याने आश्रमातली जागा नको म्हणून सांगितलं. बारकीला रडू फुटायचंच बाकी होतं. बाबा घरीच राहणार होते.

बाबांनी बोटं पाण्यात घातली होती, पण त्यांचं तोंड भावाच्या खुर्चीकडे होतं.

"तुझ्या घरी कोण कोण आहे रे सध्या?"

"सगळेच. ही आहे, पोरं आहेत."

"हं," बाबा म्हणाले. "निघ आता. उशीर नको करू."

भाऊ उठला. दारात आल्यावर तो चौकटीला पाठ लावून क्षणभर बाजूला उभा राहिला. मग बाहेर पडला.

जिना चांगला रुंद होता. तो भिंतीला खेटून उतरत होता. कठड्याची बाजू मोकळी सोडून. नजर हातातल्या फोनवर होती.

वळणावर तो थांबला, कुणी हळू उतरणारं बरोबर असावं तसा. मग पुन्हा उतरू लागला.

बारकीने हाक मारायला तोंड उघडलं.

"दार लाव, बारके," मागून बाबा म्हणाले.

तिने दार लावलं. कडी घातली. मग ती खोलीच्या मधून सरळ बाबांपर्यंत चालत गेली. तळव्यांना धूळ लागली. तिला फार बरं वाटलं.