समोर पांढरा, मागे लाल

"अहो, दिवा... दिवा खाली घ्या!"

स्नेहलला हाक ऐकू आली, पण तिचा अर्थ लागायच्या आत समोरून येणारा सायकलवाला रस्ता सोडून वाळूच्या ढिगात शिरला होता. पांझरा नदीच्या लहान पुलाच्या तोंडाशी कुणीतरी बांधकामासाठी ती वाळू टाकून ठेवली होती. सायकल आडवी, माणूस बसलेला, आणि त्याच्या पिशवीतली भरताची हिरवी वांगी रस्ताभर गडगडत निघालेली.

स्नेहलनं करकचून ब्रेक दाबला. डिसेंबरची संध्याकाळ होती, लवकर अंधारलं होतं. नदीवरून गार वारा येत होता. थंडी आणि धूळ चुकवायला तिनं तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. दिसत होते ते फक्त डोळे.

"लागलं का हो?"

"लागलं नाही. दिसत नाही," डोळ्यांपुढे हात धरून तो म्हणाला. "आधी तो सूर्य बंद करा."

तिनं पटकन दिवा बंद केला. "कालच आलाय. मोबाइलवर बघून मागवला. सगळ्यांत जास्त उजेडाचा."

"कळलं. माझ्याइतकं कुणालाच कळलं नसेल."

स्कार्फच्या आत तिला हसू फुटलं. दोघं वाकून वांगी गोळा करू लागले. एक वांगं उचलून तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "भाजायचीच आहेत ना? जरा फुटली तरी चालतील."

"तुमच्या दिव्यापुढे आणखी थोडा वेळ धरली असती, तर भाजूनच निघाली असती."

आता मात्र ती मोकळेपणानं हसली. तोही हसला... आणि हसता हसता त्याचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. एक काडी पार वाकली होती.

"पाचव्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे," ती म्हणाली. "उद्या जा तिथे. सरळ करून देतात, पैसे घेत नाहीत."

"कुणी पाठवलं म्हणून सांगू?"

"नाव कशाला? वाळूत पडलो म्हणा."

आणि ती निघून गेली — दिवा बंद ठेवून, हळूहळू, रस्त्याच्या कडेकडेनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरंच आला. नाव सांगितलं, प्रशील. गाव पारोळा, पुलापलीकडच्या देवपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि तिथेच खोली घेऊन राहतो. पाचव्या गल्लीतल्या त्या दुकानात डोळे तपासायचं काम स्नेहल करत असे. आज तिच्या तोंडाला स्कार्फ नव्हता. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं मात्र तो उंबऱ्यावर असतानाच ओळखलं आणि मान खाली घालून काडी सरळ करायला घेतली.

"कशी वाकली?"

"एका मुलीनं पाडलं."

"हो का?" ती म्हणाली. "मारामारी?"

"नाही हो. सायकलच्या दिव्यानं. एवढा झगझगीत दिवा, तोही थेट माझ्या डोळ्यांत."

"बेजबाबदार असतात काही मुली."

"नाही..." तो जरा थांबला. "तशी नव्हती ती. तिनं सगळी वांगी गोळा करून दिली. हसली पण छान. मी तिला दिवा कसा लावायचा ते सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं. आता कुठे शोधणार? चेहराच दिसला नाही."

स्नेहलनं चष्मा पुसला, त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि काडी कानामागे नीट बसली का ते पाहिलं. मग भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"शेवटची ओळ वाचा."

त्यानं वाचली.

"नजर चांगली आहे तुमची," ती गंभीरपणे म्हणाली. "मग समोरचं माणूस कसं ओळखू येत नाही?"

तिनं खुंटीवरचा स्कार्फ घेतला आणि नाकापर्यंत धरला. नुसते डोळे दिसले. प्रशील बघतच राहिला... आणि मग त्याचे कान लाल झाले.

"मी काय काय बोललो?"

"बरंच. पण दिव्याचं अर्धंच राहिलं. ते सांगा आता."

तिला ते खरंच हवं होतं. दिवाळीच्या सुमारास कापसानं भरलेला एक टेम्पो तिच्या हँडलला घासून गेला होता. ती वाचली, पण घरात गोष्ट लपली नाही. तिचे वडील चिंधाभाऊ एसटीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांनी जन्मभर रस्ता पाहिला होता. ते म्हणाले, "अंधारात ड्रायव्हरला सायकल दिसत नाही, पोरी. उजेड दिसतो. तुझ्या सायकलला उजेडच नाही." त्यांचं घर देवपूरच्या पार टोकाला, नव्या वसाहतीत. शेअर रिक्षा तिथवर येत नसत. दुकान अंधार पडल्यावरच बंद होई. म्हणजे सायकल गेली की नोकरी गेली. शेवटी त्यांनी एक अट घातली होती: संक्रांतीआधी एका संध्याकाळी ओळखीच्या पंडितच्या रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून ते तिच्या मागून येणार. लांबून ती नीट दिसली, तर सायकल तिची. नाही दिसली, तर सायकल तिच्या भाच्याला जाणार.

"म्हणून तुम्ही सूर्य आणलात," प्रशील म्हणाला.

"आणि तोही फक्त पुढे! बाबा बघणार मागून. हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिनं कपाळावर हात मारला. "डोळा एकदा दिपला की पुन्हा अंधारात दिसायला वेळ लागतो, हे मी रोज लोकांना सांगते. आणि स्वतःच लोकांचे डोळे दिपवत फिरते."

त्या आठवड्यात ते दोघं रुपचंदनानांच्या सायकलच्या दुकानात गेले. रबराचा आणि तेलाचा वास, छताला टांगलेली चाकं. नानांनी चाकात बसवायचा रंगीत दिवा पुढे केला.

"हाऊ देख, पोरी. सात रंगना शे. बठ्ठा गावले दिसी!"

"नाना, सगळ्या गावाला कशाला दिसायला हवं? मला घरी जायचंय, वरात नाही काढायची."

मग नानांनी साधे, चार्ज होणारे दिवे काढले. प्रशीलनं शाळेत मुलांना समजावतो तसं एकेक समजावलं. समोर पांढरा आणि स्थिर. अंधाऱ्या रस्त्यावर लुकलुकणाऱ्या उजेडात खड्डा कळत नाही. त्याचं तोंड थोडं खाली, म्हणजे उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. मागे लाल, लुकलुकणारा, बाजूनंही दिसणारा. चार्जिंगची पिन मोबाइलचीच असली म्हणजे वेगळी वायर शोधत बसायला नको. आणि चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण हवंच, पाणी जाऊ नये म्हणून.

"आणि मागची पिशवी," स्नेहल म्हणाली. "आई रोज भाजी आणायला सांगते. ती पिशवी सीटखाली लोंबते. लाल दिवा तिच्याआड जाईल."

"हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," तो म्हणाला. "मग दिवा कॅरिअरच्या टोकाला लावू."

नानांनी दार लोटून दुकानात अंधार केला. प्रशीलनं पांढरा दिवा भिंतीवर धरला. उजेड किती पसरतो ते बघायला स्नेहलनं त्याच्यापुढे हात नेला. भिंतीवर तिच्या बोटांची मोठी सावली पडली. दिवा सावरायला त्यानं दुसरा हात पुढे केला, आणि भिंतीवर दोन सावल्यांची बोटं एकमेकांत गुंतली. खरे हात तर चांगले वीतभर लांब होते... तरी दोघांनीही ते एकदम मागे घेतले.

"दिवा चांगला शे ना?" नाना दारातून म्हणाले.

"चांगला आहे," दोघं एकाच वेळी बोलले.

त्यानंतर पुलावर त्यांची गाठ पडू लागली. कधी तो शिकवणी घ्यायला शहराकडे जात असे, कधी परतत असे. आधी लांबून एक पांढरा ठिपका दिसायचा, जवळ आल्यावर घंटी वाजायची.

"सर, आज डोळे दिपले का?"

"दिव्यानं नाही."

असं काहीतरी बोलून तो पुढे निघून जायचा, आणि देवपूरपर्यंत तिला थंडी वाजायची नाही.

एकदा पुलाच्या कठड्याशी थांबून तो म्हणाला, "मी रोज घरापर्यंत सोबत येत जाऊ का? रस्ता सुनसान असतो."

स्नेहलचा चेहरा बदलला. "मला राखणदार नकोय. रोज कुणीतरी सोडायला आलं तरच जाता येणार असेल, तर बाबांचंच खरं झालं. मग सायकल भाच्यालाच दिलेली बरी."

तो मान हलवून म्हणाला, "खरंय. चुकलं माझं. पुन्हा नाही विचारणार."

आणि खरंच त्यानं पुन्हा विचारलं नाही. स्नेहलला त्याचं बरं वाटलं... आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

बाबांच्या परीक्षेची संध्याकाळ आली. स्नेहलनं दुकानाबाहेर दोन्ही दिवे लावून पाहिले. समोर पांढरा, मागे लाल. दोन्ही चालू. गल्लीच्या कोपऱ्यावर पंडितची रिक्षा उभी होती आणि पुढच्या सीटवर चिंधाभाऊ मफलर बांधून बसले होते, जणू आजही ड्यूटीवर आहेत.

ती निघाली. एकदाही मागे पाहिलं नाही. पूल ओलांडला, उसाच्या रसाचं बंद गुऱ्हाळ मागे पडलं. कापसाचा एक ट्रक मागून घरघरत आला. जरा लांबूनच त्यानं वेग कमी केला आणि पुरेसं अंतर ठेवून पुढे गेला. स्नेहलच्या मनात आनंदाची उकळी फुटली. दिसते आहे मी! दिसते!

वसाहतीच्या तोंडाशी ती उतरली. सायकल स्टँडवर लावली, अभिमानानं मागचा दिवा बघायला वळली.

दिवा विझलेला होता.

तिनं बटण दाबलं. नुसती एक मिणमिण, पुन्हा अंधार. रात्री तिनं दिवा चार्जिंगला लावला होता. पण झोपण्याआधी घरातलं एकूण एक बटण बंद केल्याशिवाय मंदाबाईंना, तिच्या आईला, झोप येत नसे. सकाळी स्नेहलनं वायर काढली, दिवा खिशात टाकला. तो भरला की नाही, हे पाहिलंच नाही.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. चिंधाभाऊ उतरले ते हसतच.

"पास!" ते म्हणाले. "पुलापासून दिसत होतीस. लाल ठिपका सारखा डोळ्यांपुढे. त्या ट्रकवाल्यानं पण कसा वेग कमी केला, पाहिलंस? सायकल तुझी. मी शब्द पाळतो."

स्नेहलनं ओठ चावला. गप्प राहिलं की झालं. सायकल राहील, नोकरी राहील. दिवा तर उद्या चार्ज होईलच. तिनं वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतके खूश ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "माझा दिवा बंद पडला होता."

"काय सांगतेस? मी डोळ्यांनी पाहिला."

"तुम्ही पाहिलात तो माझा नव्हता."

"मग कोणाचा?"

तिनं मागे पाहिलं. वळणावर, लिंबाच्या झाडाखाली, एक पाय जमिनीवर टेकवून कुणीतरी उभं होतं. सायकलच्या मागे लाल दिवा लुकलुकत होता.

"कोन शे तो?" चिंधाभाऊंनी विचारलं.

प्रशील पुढे आला. "जयभीम, भाऊ. मी प्रशील. देवपूरच्या शाळेत शिकवतो. पुलावर यांचा मागचा दिवा विझताना दिसला. हाक मारून थांबवलं असतं, पण मागून ट्रक येत होता. म्हणून मी ट्रकच्या आणि यांच्या मध्ये आलो. नंतर... परीक्षा मोडवेना."

"म्हणजे मला फसवलंत दोघांनी?"

"यांना माहीत नव्हतं. फसवलं असेल तर मी एकट्यानं."

चिंधाभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग आता काय? रोज तू हिच्या मागे येणार?"

स्नेहलनं चमकून वर पाहिलं. प्रशीलनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो सरळ चिंधाभाऊंना म्हणाला, "नाही, भाऊ. त्यांना माझी गरज नाही. दिवा भरलेला असला की त्या एकट्या नीट जातात, मी रोज बघतो. आज फक्त चार्जिंग चुकलं. उद्या पुन्हा परीक्षा घ्या. मी त्या रस्त्यानं येणारसुद्धा नाही."

पंडित रिक्षात बसून उगाच आरसा पुसत होता.

"चूक झाली ती झाली," शेवटी चिंधाभाऊ म्हणाले. "पण पास म्हटल्यावर पोरगी गप्प राहू शकत होती. राहिली नाही. जी आपला दिवा बंद होता म्हणून सांगते, ती उद्यापासून निघण्याआधी तो तपासणारच. सायकल राहू दे." त्यांनी सीटखालची भाजीची पिशवी काढून घेतली. "मी पायीच पुढे होतो. तुम्ही या बोलत बोलत."

ते चार पावलं गेले आणि स्नेहल प्रशीलकडे वळली. तिनं स्कार्फ सोडला.

"उद्या खरंच त्या रस्त्यानं येणार नाही?"

"तुम्हीच म्हणालात, राखणदार नको."

"राखणदार नकोच आहे." तिचा आवाज एकदम लहान झाला. "पण पुलावर तुमची घंटी वाजली नाही, तर... तर मला करमत नाही. मी गरज म्हणून नाही म्हणत. मला तुम्ही आवडता, म्हणून म्हणते."

प्रशीलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरी त्याला नीट काही दिसेना. "मी तर... त्या दिवशी वाळूत बसल्या बसल्याच..." तो म्हणाला. त्यानं नुसता हात पुढे केला. या वेळी दोघांपैकी कुणीच मागे घेतला नाही.

"मग उद्यापासून जाऊ या," ती म्हणाली. "पुढेमागे नाही. शेजारी शेजारी."

अंधारातून चिंधाभाऊंचा खणखणीत आवाज आला, "शेजारी शेजारी बिलकुल नको! रस्त्यावर एकामागे एक!"

प्रशील हसत म्हणाला, "मग पुढे कोण?"

"मी," स्नेहल म्हणाली.